नाकाडीचा उंबरा

तपासणीच्या साहेबांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला टोच्या काढला, वन्संच्या ट्रकच्या दाराखाली टेकवला आणि नुसता दाबला. ठोकला वगैरे नाही. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. मग ते केबिनमध्ये वाकले, ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचललं आणि थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "खालचा रस्ता दिसतोय."

"दिसू दे की," वन्सं म्हणाल्या. "रस्ता बघूनच चालवायचं असतं ना?"

तपासणीच्या रांगेतले ड्रायव्हर हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर काचेखाली हातभर फुली मारली.

"दाराखालचा पत्रा दोन्हीकडून गेलाय. तळ तर नाहीच. पुढच्या तपासणीला असाच आणलात तर परत रस्त्यावर सोडणार नाही. इथूनच तोडायला पाठवीन."

माणूस वाईट नव्हता. त्यानं टोच्या फडक्याला पुसला, वन्संना हात देऊन खाली उतरवायला लागला. वन्संनी हात घेतला नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा नवरा ऐन तरुणपणी गेला. दिरांनी घर घेतलं आणि ट्रकही विकायला काढला, तेव्हा या बाईनं ट्रकची किल्ली कमरेला खोचली आणि पायरीवर बसून राहिली. चालवायला येत नव्हतं. किल्ली सोडली नाही, मग चालवायला शिकावंच लागलं. तेव्हापासून त्या लोकांची बिऱ्हाडं हलवतात, विटा आणतात, लाकडं नेतात. ट्रकला लांब नाक आहे म्हणून सगळे त्याला नाकाडी म्हणतात. वन्संचंही नाक लांब आहे, पण ते कोणी त्यांच्यासमोर म्हणत नाही.

मी त्या दिवशी रांगेत होते ती योगायोगानं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी काढून वन्संबरोबर घरी परतत होते. परतीच्या वाटेवर मी पाय वर घेऊन बसले होते, कारण माझ्या बाजूलाही तळ नव्हता.

घरी आलो तर माझ्या मुलाला आधीच कोणीतरी सांगितलं होतं. माझा नवरा गेल्यापासून आमचं पत्र्याचं दुकान तोच सांभाळतो. नव्या गाड्यांच्या पोचा काढतो, रंग मारतो, हात चांगला आहे. त्यानं आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग हळूच म्हणाला, "आत्या, आता बस झालं. दुकानामागची खोली मी रिकामी केलीय. खाट टाकलीय. गादी नवी आणलीय."

"मऊ आहे का?" वन्संनी विचारलं.

"हो, एकदम मऊ."

"मग तू झोप."

"आत्या, चेष्टा नको. नाकाडीचं काम कोण करणार? तळ कापायचा, दोन्ही उंबरे कापायचे. असले पत्रे आता बाजारात मिळत नाहीत, हातानं घडवावे लागतात. माझ्याकडे तेवढा वेळ नाही आणि खरं सांगू का, मला ते येतही नाही."

दाराखाली जो पोकळ पत्रा असतो, ज्यावर पाय देऊन आत चढतात, त्याला आमच्या दुकानात उंबरा म्हणतात. दिसायला पट्टी, पण अख्खी केबिन त्यावर उभी असते. तो सडला की केबिन मधूनच वाकायला लागते.

"मी करते," मी म्हणाले.

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्याकडे. "आई, तुझा डोळा."

"एकाचंच ऑपरेशन झालंय. दुसरा आहे."

"तू?" वन्सं म्हणाल्या. "माझा भाऊ असता तर एका दिवसात करून दिलं असतं."

हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आले होते. भाकरी करपली की "माझा भाऊ कधी तक्रार करायचा नाही." दुकानाला कुलूप लावलं की "माझ्या भावानं कधी एवढ्या लवकर दुकान बंद केलं नाही." मीही त्याच दुकानात त्याच्याबरोबर पत्रा ठोकला, हाताला घट्टे पडेपर्यंत, पण ते वन्संच्या हिशेबी मदत होती. काम भावाचं.

"तुमच्यासाठी करत नाही," मी म्हणाले. "तुम्ही त्या खोलीत आलात तर सकाळ-संध्याकाळ तुमचं तोंड बघायला लागेल."

"मलाही तुझं बघायची हौस नाही."

"मग झालं तर."

मुलगा डोक्याला हात लावून बसला. अशा दोन बायकांना कोण समजावणार.

दुकानाच्या मागे मोकळी जागा आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे. तिथं नाकाडी उभी केली. चाकांना दगड लावले, केबिनखाली लाकडाचे ठोकळे रचले. सीट काढली, रबर काढलं, दोन्ही दारं बिजागरीतून सोडवून भिंतीला टेकवली. खडूची फुली असलेलं दार मी फडक्यानं पुसायला गेले तर वन्संनी हात धरला.

"पुसू नकोस. ज्यानं काढलीय तोच पुसेल."

मी फडकं खाली ठेवलं. त्या क्षणी मला ती बाई आवडली, पण तसं सांगायची रीत आमच्यात नव्हती.

उंबरा कापायच्या आधी एक गोष्ट करावी लागते. दाराची चौकट आडवा पाईप डागून, म्हणजे वेल्ड करून, घट्ट धरायची. नाहीतर उंबरा निघाला की चौकट मिटते, आणि मग देव आला तरी ती उघडत नाही. मी दोरी घेतली. चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप धरलं, गाठ मारली आणि तीच दोरी दुसऱ्या बाजूच्या चौकटीला लावली. बोटभर फरक आला. ड्रायव्हरची बाजू बसली होती. इतकी वर्षं वन्सं त्याच बाजूनं चढत-उतरत होत्या, तेव्हा बसणारच. मी खालून जॅक लावला, थोडं थोडं उचलत गेले, दोरी लावून बघत गेले. गाठ कोपऱ्यावर आली तेव्हा पाईप डागला. मनात म्हटलं, जमलं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. पाईप डागायच्या आधी दार लावून बघायचं असतं. आमच्या दुकानाचा तो नियमच होता आणि तो माझ्या नवऱ्यानंच घातला होता. पण दार उचलायला दोन माणसं लागतात, वन्सं पत्रा आणायला गेल्या होत्या, मुलाला हाक मारली असती तर तो म्हणाला असता, बघ, तुला एकटीला झेपत नाही. म्हणून नाही मारली हाक. आणि ती दारं नवऱ्यानं बसवलेली होती, त्यांच्यावर मला शंका यायचं कारणच नव्हतं.

मी ड्रायव्हरच्या बाजूचा उंबरा कापायला घेतला. रंग जाड होता, रंगाखाली लांबी होती, म्हणजे खळगे बुजवायचा लगदा, पत्र्याच्या भोकांवर लोणी थापावं तशी थापलेली. ग्राइंडर लावला की पत्र्याच्या ठिणग्या उडायला हव्यात, इथं नुसती पांढरी भुकटी उडत होती. वरची पट्टी छिन्नीनं उचकटली आणि आत हात घातला. हाताला पोतं लागलं.

ओढलं तर येतच राहिलं. गोणपाटाचे तुकडे कोंबून कोंबून भरलेले, गंजानं लाल झालेले, ओले. उंबऱ्याच्या तळाला पाणी गळून जायला भोकं असतात, तीही लांबीनं बुजवलेली. एक ढेकूळ अख्खंच हातात आलं. त्याच्या कडेला अंगठ्याचा ठसा होता, रुंद आणि चपटा. तरुणपणी हातोडी बसून नवऱ्याचा अंगठा चपटा झाला होता. लांबीची कड तो नेहमी अंगठ्यानंच सारखी करायचा. मी असे ठसे आयुष्यभर पाहिलेत.

मी ते ढेकूळ हातात घेऊन बसले. वन्सं येऊन समोर उभ्या राहिल्या असत्या तर मी त्यांच्या हातात दिलं असतं, आणि सगळ्या वर्षांची परतफेड झाली असती. पण परतफेड कोणाची करायची? तो माझाच नवरा होता. आणि त्यांच्या माहेरी त्या भावाच्या आठवणीशिवाय काही उरलेलं नव्हतं. बाहेर हातगाडीचा आवाज आला तसं मी पोतं आणि ढेकूळ भंगाराच्या पिंपात टाकलं आणि वर पत्र्याचे कापे टाकले.

"काय निघालं आत?" वन्संनी पत्रा उतरवता उतरवता विचारलं.

"गंज," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पुढचं काम हातात हात घालून झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भांडत झालं. माझ्या हाताला काम येत होतं, पण नव्या डोळ्याला सांध्याची रेघ नीट दिसत नव्हती. वन्संना रेघ दिसत होती, पण काम येत नव्हतं. त्या दिवा धरायच्या आणि बोलायच्या.

"डावीकडे फट आहे."

"किती?"

"नख जाईल एवढी."

"तुमचं नख की माझं?"

"तुझी नखं आहेत कुठं."

सपाट पत्रा तळाला लावला तर चालताना ढोलासारखा वाजतो आणि पायाखाली दबतो. म्हणून त्यात लांब उभार काढावे लागतात. मी पत्रा दोन लाकडांवर ठेवला, मधल्या खाचेवर बोथट छिन्नी धरून टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, दरवेळी थोडंच. घाई केली की पत्रा फाटतो. वन्संनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आण इकडे, मीही ठोकते." ठोकलं त्यांनी. वाकडं ठोकलं. मी सरळ करून घेतलं. तो एक उभार आजही थोडा नागमोडी आहे, वन्संच्या पायाखालीच.

डागतानाही तेच. एका जागी सलग डागलं की पत्रा तापून रुसतो, मध्येच फुगतो, मग त्याची समजूत काढता काढता जीव जातो. इथं एक टाका, तिथं एक टाका, मग हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हटलं की वन्संच्या अंगावर काटा येतो.

"एवढ्या वेळात मी गावाबाहेर जाऊन आले असते."

"तळाशिवाय?"

मग उंबऱ्याच्या खालच्या अंगाला मी भोकं पाडायला घेतली तेव्हा त्यांनी दिवाच खाली ठेवला. "नव्या पत्र्याला भोकं पाडतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाणी आत जाणारच. दारातून जाईल, काचेतून जाईल. त्याला बाहेर पडायला वाट नको?"

त्यांनी दिवा परत उचलला. "आधी नव्हती का भोकं?"

"होती की," मी म्हणाले आणि ड्रिल लावला.

तपासणी तोंडावर आली तेव्हा दोन्ही उंबरे बसले होते, तळ बसला होता, आतून-बाहेरून गंज धरू नये म्हणून राखाडी हात दिला होता. मी पाईप कापून काढला. चौकट हलली नाही. दोरी लावली, गाठ कोपऱ्यावर. मुलगा बघायला आला, वाकून बोटं फिरवली, काही बोलला नाही. काही बोलला नाही म्हणजे चांगलं झालं होतं.

मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावलं. लागलं नाही.

वरचा मागचा कोपरा चौकटीच्या खांबावर आपटला, आणि खाली बोटभर फट राहिली. बिजागरी सैल करून पाहिली, वर सरकवली, खाली सरकवली. वर बसवलं की खाली उघडं, खाली बसवलं की वर अडतं. आम्ही दार उतरवलं, उलटं केलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या कडेवरून हात फिरवला. खालची कड कापलेली होती. वर तेवढीच पट्टी चढवलेली. चौकट बसत गेली तसं नवऱ्यानं दारच वाकडं करून तिला जुळवलं होतं. उंबरा उघडायला नको, तळ काढायला नको, दोन तासांत दार लागतंय ना, झालं.

मी काही बोलायच्या आत वन्सं बोलल्या.

"माझ्या भावानं बसवलेलं दार एका बोटानं लागायचं."

"एका बोटानं लागायचं आणि एका खड्ड्यात उघडायचं," मी म्हणाले.

"उघडायचं तर उघडायचं. लागायचं तरी. तू काय केलंस? हातात होतं तेही घालवलंस."

मी पिंपापाशी गेले. वरचे कापे काढून टाकले, खाली हात घातला, पोतं आणि ढेकूळ आणलं आणि त्यांच्यासमोर नव्या तळावर ठेवलं.

"हे तुमच्या उंबऱ्यात होतं. भोकं यानंच बुजवली होती. पाणी आत राहिलं म्हणून सडला. दारही वाकडं त्यानंच केलंय."

मुलगा दारात उभा होता, तो एक पाऊल मागे सरकला. वन्संनी ढेकूळ उचललं. उलटसुलट केलं. मग स्वतःचा अंगठा त्या ठशात ठेवून बघितला. त्यांचा अंगठा त्यात हरवला.

मला वाटलं होतं त्या ते माझ्या अंगावर फेकतील. किंवा रडतील. त्यातलं काहीच झालं नाही. ढेकूळ हातातच धरून त्या म्हणाल्या, "आळशी होता मेला."

मी पोतं उचलून पिंपात टाकलं.

"लहानपणापासून आळशी. आई भांडी घासायला लावायची तर नुसती बाहेरून घासायचा. चकचकीत. आत जळलेलं तसंच. मार मला बसायचा, थोरली म्हणून."

"मग इतकी वर्षं मला काय ऐकवत होतात?"

"भावजयीसमोर भावाला नावं ठेवू? माहेर म्हणून तो एकच होता माझा. आणि तो गेल्यावर तर तेवढंही बोलायला कोणी उरलं नाही, तुझ्याशिवाय." त्यांनी ढेकूळ पिंपात टाकलं. मोठा आवाज झाला. "हात गोड होता हं त्याचा. पण आळशी."

"हात गोड होता," मी म्हणाले. ते मलाही मान्य होतं.

मुलानं घसा साफ केला. "आई, एक सांगू? परवा तपासणी आहे. दार पुन्हा करायला वेळ नाही. खालून जॅक लावून चौकट बोटभर परत बसवू. दार लागेल. कोणाला कळणार आहे?"

"मला," मी म्हणाले.

"मलाही आता कळलंय," वन्सं म्हणाल्या. "वाकड्यासाठी वाकडं आता नको. दार काप."

"आत्या, नाही जमलं तर ट्रक तोडायला जाईल."

"जाईल तर सरळ होऊन जाईल. तू त्या खोलीतली गादी उन्हात टाक, कुबट वास मारत असेल."

त्या वेळी मला खरंच भीती वाटली होती. पत्रा चुकला तर पुन्हा घडवता येतो, पण दार बिघडलं तर दुसरं दार कुठं मिळणार नव्हतं, आणि दाराशिवाय नाकाडी तोडायलाच गेली असती. वन्संनाही ते माहीत होतं. त्यांनी दिवा दोन्ही हातांनी धरला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

वरची चढवलेली पट्टी काढली. खाली नवी पट्टी जोडायची, पण पातळ दार, जरा जास्त तापलं की पापुद्र्यासारखं वळायचं. म्हणून ओलं फडकं बाजूनं लावून एकेक टाका. फुलीला ठिणगी लागू नये म्हणून वन्संनी त्यावर पुठ्ठा धरला होता. दार चौकटीत धरायची वेळ आली तेव्हा आम्हा दोघींना पेलेना. आम्ही दोघी ते अर्ध्यावर धरून कुंथत उभ्या होतो, कोणी हाक मारायला तयार नाही. तेवढ्यात मुलगा आला, खांदा लावला आणि दार जागेवर नेलं.

"बोल," तो म्हणाला. "वर की खाली?"

"वर. केसभर. थांब. आता धर."

त्यानं धरलं. मी बिजागरी आवळली. तो कपाळाला आठ्या घालून धरून होता, पण सोडलं नाही त्यानं.

"आई, रंग मी मारतो. माझ्याकडे आहे. सुकेलही."

"नको," मी म्हणाले. "राखाडीच राहू दे."

तपासणीच्या रांगेत सगळे ट्रक धुतलेले, पुसलेले, रंगलेले. त्यात नाकाडी राखाडी ठिगळांची, सांध्यांच्या रेघा उघड्या, दारावर खडूची फुली. आमच्या मागच्या ट्रकमधला पोरगेला ड्रायव्हर खाली उतरला.

"आजी, संग्रहालयात सोडायला चाललात का?"

वन्संनी त्याला नीट न्याहाळलं. "तू त्या कोपऱ्यावरच्या सुताराचा ना? तुझ्या बापाचं बिऱ्हाड याच ट्रकमधून आणलं मी. तू गादीच्या गाठोड्यावर बसला होतास. गादी ओली करून ठेवलीस."

मागून हसू फुटलं. पोरगा आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

साहेब आले. फुली बघून थबकले. "पुसली नाहीत?"

"तुम्ही काढलीत," वन्सं म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी टोच्या काढला. उंबऱ्याला टेकवून दाबला, मग ठोकला. ठण् आवाज आला. टोकाटोकानं ठोकत गेले, दोन्ही बाजूंनी. खाली वाकून बघितलं, भोकात टोच्याचं टोक घालून पाहिलं. "निचऱ्याला ठेवलीत. बरं केलंत. लोक बुजवतात."

वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

मग ते केबिनमध्ये चढले, रबर उचललं, टाचेनं तळावर जोरानं पाय आपटला. पुन्हा आपटला. नागमोडी उभाराशी जरा थांबले, बोट फिरवलं. उतरून सांध्याच्या एका रेघेवर हात ठेवला.

"काम पक्कं आहे. पण रंग का नाही दिला?"

"रंगाखाली काय आहे ते तुम्हाला दिसावं म्हणून," मी म्हणाले. "एकही सांधा झाकलेला नाही. कुठंही टोच्या घाला."

त्यांनी घातला. मी सांगितलं म्हणून सोडून देणारा माणूस नव्हता तो. दारापाशी, खांबापाशी, सीटखालच्या कोपऱ्यात, जिथं कोणी बघत नाही तिथंही. मग ड्रायव्हरचं दार धरलं आणि ढकललं. अडलं. वन्संचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. साहेबांनी दार पुन्हा मागे घेतलं आणि या वेळी जोर लावून ढकललं. धाडकन बसलं. त्यांनी ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, खांदा लावून पाहिलं. हललं नाही. उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा धाडकन.

"जड लागतंय."

"लागू दे की," वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं खड्डा आला की एका हातानं दार धरून चालवलंय मी. आता दोन्ही हात मोकळे."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि वन्संच्या हातात दिला. पुढच्या ट्रककडे वळले. वन्सं तिथंच उभ्या राहिल्या.

"साहेब."

ते वळले. वन्सं दाराच्या बाजूला झाल्या आणि काही न बोलता फुलीकडे बघत राहिल्या. साहेबांना समजायला जरा वेळ लागला. मग ते परत आले, टोच्या पुसायचं फडकं काढलं आणि फुली पुसली. एकदा पुसून जाईना, खडू बसला होता. त्यांनी फडक्यावर फुंकर मारली आणि नीट घासून पुसली. रांग थांबलेली होती. कोणी हॉर्न वाजवला नाही.

परतीच्या वाटेवर मी पाय खाली ठेवून बसले होते. थोडं अंतर गेल्यावर वन्संनी तोंड वाकडं केलं.

"गरम होतंय. आधी खालून वारा यायचा."

"पाडू का एक भोक?"

"हात तर लावून बघ."

दुकानाच्या कोपऱ्यावर त्यांनी ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं नाही.

"चला ना आत. चहा तरी," मी म्हणाले.

"उतर, वहिनी. विटा भरायच्यात, माणसं खोळंबलीत." मग समोर बघतच म्हणाल्या, "उरलेल्या पत्र्याचं काय करणार आहेस?"

"का?"

"मागच्या हौद्याचा तळही गेलाय. सांगितलं नव्हतं. एकदम सगळं सांगितलं असतं तर घाबरली असतीस."

"मी घाबरले असते?"

"नसतीस," त्या म्हणाल्या. "दार नीट लाव."

मी उतरले आणि दोन्ही हातांनी दार लोटलं. धाडकन बसलं. नाकाडी धूर सोडत वळणावरून गेली.

मुलगा दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं काही विचारलं नाही, दाराचा आवाज त्यानं ऐकला होता. "त्या खोलीतल्या खाटेचं काय करू?" एवढंच म्हणाला.

"दुमडून ठेव," मी म्हणाले. "माझा गॅस आणि हातोड्या तिथं लावायच्यात. आणि तो पत्रा भिजू देऊ नकोस, हौद्याला लागणार आहे."